मुंबईत बसून रग्बी कशी बघायची: केबल, डिश की ॲप?

आमच्या घरात टीव्ही एकच, आणि संध्याकाळी सात ते दहा तो आईचा. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो. परळला दोन खोल्या, हॉलमध्ये केबलची जोडणी, माझ्याकडे मोबाइल आणि एक म्हातारा लॅपटॉप. ठाण्याची भाची शाळेतून रग्बी खेळायला लागली आणि तिने मलाही नादी लावलं. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तो आम्ही मैदानात बसून पाहिला. मुंबई ड्रीमर्सच्या नावाने घसा बसवून घेतला, चषक मात्र चेन्नई बुल्सने नेला. ती सात-सात जणांची रग्बी, म्हणजे सेव्हन्स. मग घरी बसून पंधरा-पंधरा जणांची, ऐंशी मिनिटांची मोठी रग्बी नेमाने बघायची हौस आली आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

क्रिकेट आपल्याला शोधत येतं. रग्बीला आपण शोधत जावं लागतं. आज एका चॅनेलवर, उद्या दुसऱ्याच ॲपवर, परवा कुठेच नाही. या शोधात मी नको ते प्लॅन घेतले, चुकीच्या रात्री जागलो, केबलवाल्याशी हुज्जत घातली. तुमचं तेवढं वाचावं म्हणून हे क्रमाने लिहितोय. घाईत असाल तर निदान १, ३ आणि ६ वाचा.

१. आधी स्पर्धा ठरवा, पैसे नंतर

नवा माणूस पहिली चूक इथेच करतो. तो विचारतो, “रग्बीसाठी कुठलं ॲप घेऊ?” असं एक ॲप नाही. रग्बीचे प्रक्षेपण हक्क स्पर्धेनुसार आणि देशानुसार वेगवेगळे विकले जातात. सिक्स नेशन्स एकाकडे, विश्वचषक दुसऱ्याकडे, सेव्हन्सची मालिका तिसऱ्याकडे, असं सहज होतं. करार संपला की पुढच्या वर्षी सगळी पानं पुन्हा पिसली जातात. म्हणून आपल्याला वर्षभरात नक्की काय बघायचंय ते आधी कागदावर मांडा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स: इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्स आणि इटली. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सहाच संघ, पंधराच सामने, आणि बहुतेक सामन्यांमागे शंभर वर्षांचं भांडण. त्यातली इंग्लंड-स्कॉटलंड लढत तर चुकवूच नका. त्या सामन्याच्या करंडकाचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि १८७८ मध्ये त्याचा करंडक घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. आपल्या रुपयांसाठी हे दोन देश १८७९ पासून एकमेकांच्या अंगावर धावून जातायत!

जुलै आणि नोव्हेंबर हे देशादेशांमधल्या कसोट्यांचे महिने. जुलै २०२६ पासून त्यांना नेशन्स चॅम्पियनशिप असं एकत्र रूप दिलंय: बारा संघ, जुलैत मुख्यतः दक्षिण गोलार्धात, नोव्हेंबरात युरोपात. मग २०२७ चा विश्वचषक, ऑस्ट्रेलियात, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर, पहिल्यांदाच २४ संघांचा. मध्ये दिवाळी येते, रजेचा अर्ज लवकर टाका. शिवाय वर्षभर इकडेतिकडे सेव्हन्स, आणि आपली रग्बी प्रीमियर लीग.

माझ्या कागदावर शेवटी तीनच ओळी उरल्या: सिक्स नेशन्स, जुलैतले न्यूझीलंडचे घरचे सामने, आणि विश्वचषक. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने. त्यासाठी बारा महिन्यांचे पैसे कशाला?

२. भारतातले हक्क कोणाकडे आहेत ते शोधा

दहा मिनिटांचं काम, पण ते स्पर्धा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी करा. महिनाभर आधी केलंत तर कित्येकदा करारच जाहीर झालेला नसतो.

स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर कुठे बघाल, प्रक्षेपण अशा नावाचं एक पान असतं. तिथे देशांची यादी असते, त्यात भारत शोधा. कधी भारत वेगळा नसतो, भारतीय उपखंड किंवा दक्षिण आशिया अशा नावाखाली असतो. वाहिनीचं नाव मिळालं की त्या वाहिनीच्या स्वतःच्या वेळापत्रकात तोच सामना खरंच दिसतोय का ते ताडून बघा. दोन्हीकडे जुळलं तरच पुढे जा.

आपल्याकडे मोठ्या खेळवाहिन्यांची जोडी ठरलेली आहे. स्टार स्पोर्ट्सवर जे दिसतं ते बहुधा जिओहॉटस्टारवर, सोनी स्पोर्ट्सवरचं सोनीलिव्हवर. रग्बी प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टारवर होती. फॅनकोड या ॲपचं तंत्र निराळं, तिथे एखाद्या सामन्याचा किंवा दौऱ्याचा सुटा पास मिळतो. भारतात कमी बघितल्या जाणाऱ्या खेळांना हे परवडतं, म्हणून तिथे एक नजर टाकावीच.

आणि पैसे देण्याआधी रग्बीपास टीव्ही बघा. हे वर्ल्ड रग्बीचं, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेचं, स्वतःचं व्यासपीठ. नाव नोंदवायचं, पैसे नाहीत. ज्या देशात एखाद्या स्पर्धेचे हक्क कोणी घेतलेले नसतात तिथे ते कित्येकदा ती स्पर्धा थेट दाखवतात. बाकी वेळी जुने सामने आणि माहितीपट असतात. रग्बी आपल्याला आवडते की नाही हेच अजून ठरायचं असेल, तर पहिला महिना इथे काढा. खिशाला चाट नाही.

सापळा: ॲपमध्ये रग्बी शोधली आणि वीस चित्रं आली म्हणून हुरळून जाऊ नका. ते बरेचदा क्षणचित्रं आणि मागच्या वर्षीचे सामने असतात. पुढच्या शनिवारचा सामना तारीख-वेळेसह आगामी यादीत दिसतोय का, एवढंच बघायचं. मी हे न बघता एकदा तीन महिन्यांचा प्लॅन घेतला आणि त्यावर तीन महिने मुलाखती बघितल्या.

३. वेळ भारतीय घड्याळात लिहून काढा

केबल की ॲप याचा निकाल निम्मा इथेच लागतो. सामना दुपारी असेल तर हॉलचा टीव्ही मोकळा, रात्री आठला असेल तर आईची मालिका, मध्यरात्री असेल तर घरातले सगळे झोपलेले आणि तुम्ही कानात इअरफोन घालून अंधारात.

सिक्स नेशन्सच्या काळात आपण लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो. तिथला दुपारी सव्वादोनचा सामना इथे पावणेआठला, पावणेपाचचा सव्वादहाला. पॅरिसमधला रात्री नऊच्या पुढचा सामना मात्र आपल्याकडे रात्री दीड-पावणेदोनला. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. उन्हाळ्यात लंडनशी अंतर साडेचार तासांचं उरतं ते त्यामुळे. नोव्हेंबरच्या सामन्यांना पुन्हा साडेपाच.

दक्षिण गोलार्ध मुंबईकरांसाठी सुखाचा. जुलैत न्यूझीलंडमध्ये संध्याकाळी सात वाजता सामना असेल तर इथे दुपारचे साडेबारा. शनिवारचं वरण-भात-तूप ताटात आणि समोर हाका, म्हणजे न्यूझीलंडच्या खेळाडूंचा सामन्याआधीचा नाच. ऑस्ट्रेलियात सिडनी-ब्रिस्बेनकडे रात्री आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. दक्षिण आफ्रिकेतला संध्याकाळी पाचचा सामना रात्री साडेआठला. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात असल्यामुळे बहुतेक सामने आपल्या सकाळ-दुपारीच येतील.

सापळा: मध्यरात्रीनंतरची तारीख. परदेशी यादीत शुक्रवारी रात्री नऊ असं लिहिलेलं असतं, आपल्याकडे तोवर शनिवार उजाडलेला असतो. मी एका फ्रान्सच्या सामन्यासाठी शनिवारी रात्री दीड वाजता गजर लावून उठलो. सामना आदल्या रात्रीच होऊन गेला होता. आता मी वहीत शुक्रवार-शनिवार मधली रात्र असंच लिहितो.

तारखेचा हा घोळ नेहमी वाईटच असतो असं नाही. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पॅरिसमध्ये २८ ऑक्टोबरला रात्री नऊला होता, म्हणजे आपल्याकडे साडेबाराला, आणि ती रात्र कोजागिरीची. त्यातून चंद्रग्रहणही. आईने दूध लवकरच आटवून सगळ्यांना देऊन टाकलं आणि भाची नि मी गच्चीवर एका मोबाइलसमोर बसलो. एकच्या सुमारास वर ग्रहण लागलं. खाली न्यूझीलंडच्या कर्णधाराला, सॅम केनला, लाल कार्ड मिळालं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात असं पहिल्यांदाच झालं होतं. चौदा जणांनिशी ते शेवटपर्यंत झुंजले आणि १२-११ असे एका गुणाने हरले. मला तेव्हा निम्मे नियम कळत नव्हते, पण डोळा लागला नाही एवढं खरं.

४. घरात काय आहे ते बघा, कागदपत्रं जमवा

ॲपसाठी लागतं ते एवढंच: नेहमी जवळ असणारा मोबाइल क्रमांक (ओटीपी त्यावरच येतो), ईमेल, यूपीआय किंवा कार्ड. टीव्हीवर बघायचं तर स्मार्ट टीव्ही, नाहीतर साध्या टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारी स्टिक. लॅपटॉप असेल तर एक एचडीएमआय केबलही चालते. माझी सोय अजून तीच आहे, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली.

केबल आधीपासून असेल तर नवीन कागद लागत नाहीत. फक्त सेट टॉप बॉक्सचा व्हीसी नंबर हाताशी ठेवा. तो बॉक्सच्या खाली चिकटवलेला असतो किंवा रिमोटच्या मेन्यूत सापडतो. केबलवाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

नवीन केबल किंवा डिश घ्यायची तर आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि भरलेला ग्राहक अर्ज. भाड्याने राहत असाल तर भाडेकराराची प्रत, आणि घरमालकाला एक फोन आधी. भिंतीला भोक पाडल्यावर केलेला फोन महाग पडतो. डिश गच्चीवर लावायची असेल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या. आमच्याकडे सेक्रेटरी तोंडी हो म्हणाले होते, नवी कमिटी आली तेव्हा ते हो कोणाच्याच लक्षात नव्हतं.

५. केबल किंवा डिशचा रस्ता

ज्यांच्या घरी केबल आधीच आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि हे कोणी सांगत नाही. २०१९ च्या दररचनेपासून हवं ते चॅनेल सुटं घेण्याचा हक्क आपल्याला आहे. पॅकमध्ये घालायचं चॅनेल १९ रुपयांपेक्षा महाग ठेवता येत नाही, अशी ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, मर्यादा आहे. १९ रुपयांच्या एका खेळवाहिनीला १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला २२ रुपये ४२ पैसे पडतात. वडापाव नि चहाच्या हिशोबात सिक्स नेशन्स!

केबलवाल्याला मात्र नेमकं सांगावं लागतं. “स्पोर्ट्स टाका” म्हटलंत की तो मोठा पॅक टाकतो, त्यात तेलुगू-तमिळ समालोचनाची चॅनेलं पण येतात आणि बिल शंभराने वाढतं. चॅनेलचं पूर्ण नाव, आकड्यासकट, आणि एचडी की साधं, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. लिहिलेलं असलं की महिनाअखेरीला वाद होत नाही. डिशवाल्यांच्या ॲपमधून हे काम स्वतःच करता येतं, आणि स्पर्धा संपली की काढूनही टाकता येतं.

दोन सापळे इथे आहेत. एक, एचडी आणि साधं ही दोन वेगळी चॅनेलं असतात, पैसेही वेगळे. रग्बीत चेंडू सतत माणसांच्या ढिगाखाली असतो. साध्या चॅनेलवर मोठ्या टीव्हीवर तो दिसतच नाही. एचडीच घ्या. दोन, तुमचा बॉक्स जुना असेल तर एचडी दिसणारच नाही, पैसे भरले तरी. मुंबईत सेट टॉप बॉक्स २०१२ च्या अखेरीस सक्तीचे झाले, आणि आमच्यासारख्या कित्येक घरांत तोच पहिला बॉक्स बरीच वर्षं चालू होता.

नवीन जोडणीच घ्यायची असेल तर गणित बदलतं. बॉक्स आणि डिशचा दीड-दोन हजारांचा खर्च, शिवाय दर महिन्याची नेटवर्क फी. २०१९ मध्ये ती १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने तिची कमाल मर्यादा काढून घेतली, त्यामुळे आता आपल्या कंपनीचा आकडा विचारूनच घ्या. केवळ रग्बीसाठी एवढा घाट घालू नये. घरात मालिका, बातम्या, क्रिकेट बघणारी माणसं असतील तरच.

डिशबाबत मुंबईची खास अडचण म्हणजे दिशा. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, एअरटेलचा १०८.२ अंश पूर्वेला. आपण साधारण ७३ अंशांवर. म्हणजे टाटा प्लेची डिश दक्षिणेकडून थोडी पूर्वेला वळवावी लागते, एअरटेलची तर बरीचशी पूर्वेकडे, आणि तिची नजरही त्यामानाने खाली असते. तुमच्या खिडक्या फक्त पश्चिमेला असतील तर समुद्र दिसेल, उपग्रह दिसणार नाही. समोर नवीन टॉवर उभा राहत असेल तर तोही बघून घ्या. आमच्या शेजाऱ्यांची डिश बाराव्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत ठीक होती, सोळाव्याला गेली.

दुसरं पावसाचं. डिश ज्या लहरींवर चालते त्या मुसळधार पावसात अडतात, आणि जुलैचे कसोटी सामने नेमके त्यात येतात. केबलवाल्यांच्या केंद्रात मोठ्या डिशा वेगळ्या पट्ट्यावर चालतात, त्यामुळे तिथे पावसाचा त्रास कमी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत केबल बरी, असं मी दोन पावसाळ्यांच्या अनुभवावरून सांगतो.

६. ॲपचा रस्ता

एकट्याने, वेळी-अवेळी, ठरावीक महिने बघणाऱ्यासाठी हाच. मी शेवटी इथेच स्थिरावलो. याचं कारण पैसे कमी लागतात हे नव्हतं. मागे नेता येतं, हे होतं.

नवख्याला रग्बीत सर्वांत जास्त काय छळतं, तर शिट्टी. शिट्टी का वाजली तेच कळत नाही. स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू खांदे भिडवून एकमेकांना ढकलतात तो घोळका) कोसळला, कोणी हात आत घातला, कोण पुढे उभा होता, काहीतरी झालं आणि चेंडू दुसऱ्यांकडे गेला. ॲपवर मी तीस सेकंद मागे जातो आणि रेफ्रीचं ऐकतो. रग्बीत रेफ्रीच्या अंगावर माइक असतो आणि तो खेळाडूंना काय समजावतोय ते आपल्याला ऐकू येतं. व्हिडिओ बघून निर्णय घेणाऱ्या पंचाशी त्याचं बोलणंही ऐकू येतं. दोन-तीन सामने असे मागे-पुढे करत बघितले की कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं. म्हणून आवाज बंद करून रग्बी बघू नका. हॉलमध्ये मालिका चालू असेल तर इअरफोन लावा. आमच्याकडे तोच तह झालाय.

आता प्लॅन. इथे माझी सर्वांत मोठी फजिती झाली. एका ॲपचा सगळ्यांत स्वस्त प्लॅन घेतला, पाहुणे बोलावले, टीव्हीवर लावायला गेलो तर पडदा काळा. तो प्लॅन फक्त मोबाइलसाठी होता. त्यात टीव्हीवर कास्ट होत नाही, एचडीएमआय केबल लावूनही काही वेळा चित्र येत नाही आणि चित्राचा दर्जाही मर्यादित असतो. सहा माणसांनी पूर्वार्ध सहा इंची पडद्यावर बघितला. प्लॅन घेताना किमतीखालच्या बारीक अक्षरात चार गोष्टी वाचा: टीव्हीवर चालतो का, एका वेळी किती पडद्यांवर, चित्र कुठल्या दर्जाचं, आणि थेट खेळ त्यात धरलाय का.

मुदत छोटी घ्या. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा मोबाइलचा तीन महिन्यांचा प्लॅन १४९ रुपयांना होता आणि वर्षाचा ४९९ ला. अशा आकड्यांत वर्षाचा प्लॅन स्वस्त वाटतो, पण तो बाराही महिने बघणाऱ्याला. सिक्स नेशन्स दीड महिन्यात आटोपते. फॅनकोडसारख्या ठिकाणी सुटा पास मिळत असेल तर आधी तो. आणि काहीही विकत घेण्याआधी तुमच्या ब्रॉडबँड किंवा मोबाइल रिचार्जमध्ये तेच ॲप फुकट आलंय का ते बघा. माझ्या रिचार्जमध्ये एक ॲप चार महिने पडून होतं, मी वेगळे पैसे भरत होतो.

इंटरनेटचं थोडक्यात: एका एचडी सामन्याला साधारण पाच जीबी डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबीवाला मोबाइल पॅक मध्यंतराच्या आधीच मान टाकतो. घरी वायफाय असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या जोडणीवर जा, कारण मुंबईच्या इमारतींत शेजारपाजारच्या वीस राउटरांनी २.४ चा पट्टा तुंबलेला असतो. राउटर जवळ असेल तर सरळ लॅनची वायर लावा. सामन्याआधी तासभर काहीतरी थेट लावून तपासा, शिट्टी वाजल्यावर नाही.

७. ऑटोपे

प्लॅन घेताना नकळत ऑटोपे चालू होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी तुम्हाला सूचना यावी लागते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला पुन्हा ओटीपी लागत नाही. ती सूचना शंभर जाहिरातींच्या संदेशांत बुडते. प्लॅन घेतला त्याच दिवशी यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन तो रद्द करा. भरलेली मुदत सहसा तशीच चालू राहते. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे ऑटोपे बंद झालं, असं समजणारे माझ्या ऑफिसात तिघं निघाले. मी चौथा.

८. सामन्याच्या दिवशी

ॲपवरचं चित्र टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागे असतं. हे बिघाड म्हणून नाही, चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं म्हणून. भाची ठाण्याला केबलवर बघते, मी परळला ॲपवर. एका सामन्यात विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू, समोरच्यांच्या रेषेपासून वीस मीटरवर होता आणि तिचा फोन आला, “मामा, झाला ना ट्राय!” ट्राय म्हणजे त्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं, आणि माझ्याकडे तो अजून धावतच होता. तेव्हापासून ठरलंय, मध्यंतराशिवाय फोन नाही, आणि कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन तास म्यूट.

चॅनेलवर बघणार असाल तर त्याच दिवशी दुपारी वेळापत्रक पुन्हा बघा. क्रिकेटचा सामना लांबला की रग्बी बिनबोभाट दुसऱ्या क्रमांकाच्या चॅनेलवर ढकलली जाते किंवा फक्त ॲपवर उरते. तुम्ही विकत घेतलेलं चॅनेल तेच राहतं, त्यावर मात्र क्रिकेटची चर्चा चालू असते. म्हणून केबलवर बघणाऱ्यांनीसुद्धा त्याच समूहाच्या ॲपचा लॉगिन तयार ठेवावा.

९. काय करू नये

टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट लिंका उघडू नका. एका सामन्यासाठी मी एक उघडली होती. पाच खिडक्या उघडल्या, एकीने कार्डाचा क्रमांक मागितला, आणि लॅपटॉप साफ करायला पाचशे रुपये गेले. परदेशी सेवा व्हीपीएनने, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवून, उघडायचे सल्लेही मिळतील. त्या सेवांच्या अटींत ते बसत नाही, तिथलं कार्ड नसेल तर पैसे भरता येत नाहीत, आणि ऐन सामन्यात दार बंद झालं तर तक्रार कुठे करणार?

सोसायटीच्या क्लबहाउसात प्रोजेक्टर लावून सगळ्यांना दाखवायचा मोह मलाही झाला होता. घरगुती प्लॅन घरापुरता असतो, अटींत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यापेक्षा चार जण मिळून एखाद्या स्क्रीन असलेल्या हॉटेलात जा, पण आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि चॅनेलचा क्रमांक तुम्हीच सांगा. वांद्र्याच्या एका ठिकाणी आम्ही न विचारता गेलो. मॅनेजरने अगदी आनंदाने टीव्ही लावून दिला, आणि आम्ही वीस मिनिटं ऑस्ट्रेलियाचं रग्बी लीग बघत बसलो. तो तेरा जणांचा, वेगळाच खेळ. भाचीच्या लक्षात आलं, कारण स्क्रममध्ये कोणी ढकलतच नव्हतं.